कॉर्ड सॉफ्टवेअरला विचारा, पण सा आपला सांगून

ज्यांच्या घरात कीबोर्ड आहे, फोनवर नाहीतर लॅपटॉपवर कॉर्ड सुचवणारं एखादं सॉफ्टवेअर आहे आणि येत्या गणपतीत मंडळाच्या स्टेजवर स्वतःची चाल वाजवायची हौस आहे, अशा नागपूरच्या इतवारी, महाल, गांधीबाग, हंसापुरीतल्या पोरापोरींसाठी हे लिहितो आहे. त्यांच्या आईबाबांनीही वाचलं तर बरंच, कारण सॉफ्टवेअरचे पैसे शेवटी तेच भरतात.

सॉफ्टवेअर वापरू नका, असं सांगायला मी बसलेलो नाही. खुशाल वापरा. कॉर्ड शिकवणारा गुरू इतवारीत गल्लोगल्ली मिळत नाही. पेटी शिकवणारे आहेत, तबला शिकवणारे आहेत, पण डाव्या हाताने काय धरायचं हे नीट समजावून सांगणारा माणूस शोधावा लागतो. अशा वेळी एखादं यंत्र रात्री अकरा वाजता न कंटाळता 'हा धरून बघ, तो धरून बघ' म्हणत असेल, तर त्याला नाही कशाला म्हणायचं? माझं सांगणं एवढंच आहे, की त्याला विचारण्याआधी आपला सा कोणता आणि आपल्या चालीत कोणते स्वर येतात, हे त्याला सांगा. ते न सांगता विचाराल, तर ते तुम्हाला दुसऱ्याच गाण्याचे कॉर्ड देईल, आणि तुम्हाला कळणारही नाही.

होतं काय ते बघा. खाली दुकानाचं शटर पडतं, वर माडीवर मुलगा हेडफोन लावून बसतो. चाल त्याला स्वतःला सुचलेली असते, चांगली असते. ती तो सॉफ्टवेअरला ऐकवतो. सॉफ्टवेअर चार कॉर्ड पुढे करतं. चाल त्यांवर नीट बसत नाही, म्हणून तो एक स्वर इकडे सरकवतो, एक तान गाळतो, एक कोमल स्वर शुद्ध करून टाकतो. थोड्या वेळाने सगळं कसं छान जुळतं. दुसऱ्या दिवशी तो ते मला ऐकवायला आणतो आणि विचारतो, "काकाजी, काल चाल मस्त वाटत होती, आज अशी सपाट काऊन वाटून राहिली?" सपाट वाटते, कारण कॉर्ड चालीला लावायचे सोडून त्याने चाल कॉर्डांना लावली.

हे नेमकं कसं घडतं ते एका रागावर दाखवतो. कीबोर्ड समोर घ्या आणि पांढरी एकचा सा धरा. भूपात पाचच स्वर: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य. या पाच स्वरांत एक साधी भजनाची चाल बांधा आणि सॉफ्टवेअरला कॉर्ड विचारा. बहुतेक वेळा ते सी, जी, ए मायनर, एफ हीच चौकडी मागेपुढे करून देईल. आता हे कॉर्ड बोटांखाली उलगडून बघा. सी म्हणजे सा-ग-प. तिन्ही भूपातले. ए मायनर म्हणजे ध-सा-ग. तेही भूपातले. जी म्हणजे प-नि-रे. आला निषाद. एफ म्हणजे म-ध-सा. आला मध्यम. गाणारा जे दोन स्वर कटाक्षाने टाळतो आहे, तेच दोन मागून कीबोर्ड ठणकावून वाजवतो आहे. ऐकायला वाईट लागत नाही, हीच खरी अडचण. कानाला खटकलं असतं तर मुलाने स्वतःच बदललं असतं. पण ते गोड लागतं आणि भूप मात्र कुठल्या कुठे गेलेला असतो.

मग भूपाला कॉर्ड लावायचेच नाहीत का? लावा ना. जी धरायच्या जागी जी सस फोर धरा, म्हणजे प-सा-रे. तिन्ही स्वर भूपातले. सी मेजर फार जड वाटला तर सी सस टू, सा-रे-प. डी सस फोर धरलात तर रे-प-ध मिळतात. ए मायनर सेव्हन धरलात तर ध-सा-ग-प, पुन्हा सगळं घरातलंच. एवढ्या सामग्रीवर एक अख्खं भजन आरामात उभं राहतं. आणि गंमत म्हणजे हे सस कॉर्ड सॉफ्टवेअरलाही माहीत असतात. तुम्ही त्याला 'हे पाचच स्वर वापर' असं सांगितलंत, तर तेच तुम्हाला हे काढून देतं. न सांगता ते स्वतःहून देत नाही.

का देत नाही? कारण त्याचं शिक्षणच तसं झालेलं आहे. 2008 साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 'मायसाँग' नावाचा एक प्रयोग केला. माणसाने माइकवर नुसती चाल गायची, यंत्राने तिला कॉर्ड लावायचे. पुढच्याच वर्षी तो 'साँगस्मिथ' या नावाने बाजारात आला. त्यात दोन सरकपट्ट्या होत्या. एकीने गाणं जास्त आनंदी किंवा जास्त उदास करता यायचं, म्हणजे मेजरकडे किंवा मायनरकडे झुकवता यायचं. दुसरीने जाझचा रंग कमीजास्त करता यायचा. हे यंत्र शिकलं कशावरून, तर सुमारे 300 पाश्चात्त्य लोकप्रिय गाण्यांच्या कागदांवरून, ज्यांवर वर कॉर्ड आणि खाली चाल लिहिलेली असते. कोणत्या कॉर्डनंतर कोणता कॉर्ड किती वेळा आला आणि कोणत्या कॉर्डवर कोणते स्वर जास्त पडले, याचा हिशेब त्याने मांडला होता. 2019 च्या मार्चमध्ये बाखच्या वाढदिवसानिमित्त गूगलने पहिल्या पानावर एक खेळ ठेवला होता, तुम्ही दोन मापांची चाल द्यायची आणि यंत्र ती बाखच्या थाटात चार आवाजांत मांडून देणार. ते यंत्र बाखच्या 306 कोरल रचनांवर शिकलेलं होतं. त्याला तुम्ही भैरवी दिलीत तरी ते तिला चर्चमध्येच नेणार, दुसरं ते करणार तरी काय?

आज मिळणारी सॉफ्टवेअरं याहून पुष्कळ पुढे गेली आहेत. क्यूबेसमध्ये कॉर्ड सुचवणारा मदतनीस 2012 पासून आहे, स्केलर नावाचं प्लगइन 2018 पासून आहे, हुकपॅड ब्राउझरमध्येच चालतं. तरी गोम तीच. इतवारीतल्या कापडाच्या दुकानात गादीवर टेकलात की माणूस आधी तेच उलगडून दाखवतो जे रोज खपतं. त्यात त्याची लबाडी नसते. तुम्हाला काय हवं ते तुम्ही अजून सांगितलेलं नसतं. तुम्ही 'नऊवारी पाहिजे, काठ एवढा पाहिजे' म्हणालात, की तोच माणूस माळ्यावर चढून नेमका गठ्ठा काढतो.

तर सांगायचं काय? पहिली गोष्ट सा.

तुम्ही म्हणाल, एवढं मोठं सॉफ्टवेअर, त्याला सा कळत नाही? नाही कळत. त्याला स्वर ऐकू येतात, सा ऐकू येत नाही. कुठला स्वर किती वेळ वाजला हे ते मोजतं आणि बारा मेजर व बारा मायनर अशा चोवीस पट्ट्यांपैकी जी जवळची वाटेल ती निवडतं. मोजण्याची ही पद्धत कॅरल क्रुमहान्सल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंच्या कामातून आली आणि अजून बऱ्याच ठिकाणी वापरात आहे. पाश्चात्त्य गाण्याला ती बरी पडते. आता तिच्यापुढे यमन ठेवा. पांढरी एकचा सा धरून यमनचे सात स्वर लिहा: सा, रे, ग, तीव्र म, प, ध, नि. पांढऱ्या सगळ्या, फक्त मध्यमाच्या जागी काळी तीन. हेच सात स्वर जी मेजरचेही आहेत, एकही इकडचा तिकडे नाही. झालं, सॉफ्टवेअर सांगतं की तुमचं गाणं जी मेजरमध्ये आहे, म्हणजे तुमचा पंचम हाच तुमचा सा. त्यात यमन गाताना आपण 'नि रे ग' असं सा आणि प चुकवत वर चढतो, म्हणजे ज्या स्वरांवरून त्याला पत्ता लागला असता तेच आपण मोजके लावतो. मग ते दर दोन ओळींनंतर गाणं जीवर आणून टेकवतं. गाणारा सा वर येतो आणि कीबोर्डवाला पंचमावर बसलेला असतो. दोघांनाही वाटतं दुसरा चुकला.

म्हणून आधी तानपुरा लावा. फोनवर तानपुऱ्याची ॲपं फुकट मिळतात. तानपुऱ्यावर चाल दोनदा गा, सा नक्की करा आणि मग सॉफ्टवेअरमध्ये पट्टी आपल्या हाताने भरा. 'आपोआप ओळख' असं जे बटण असतं त्याला हात लावू नका.

दुसरी गोष्ट स्वरसप्तक, आणि इथे आपल्या भातखंड्यांचं काम उपयोगी पडतं. त्यांनी मांडलेल्या दहा थाटांपैकी सहा थाट युरोपच्या जुन्या मोडशी स्वर न् स्वर जुळतात आणि हे मोड जवळजवळ प्रत्येक चांगल्या सॉफ्टवेअरच्या यादीत असतात. बिलावल म्हणजे आयोनियन, नेहमीचं मेजर. कल्याण म्हणजे लिडियन. खमाज म्हणजे मिक्सोलिडियन. काफी म्हणजे डोरियन. आसावरी म्हणजे एओलियन, नेहमीचं मायनर. भैरवी म्हणजे फ्रिजियन. हे एका कागदावर लिहून कीबोर्डच्या कडेला चिकटवा. उरले भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी. ते त्या यादीत नाहीत. पण भैरवाचे सात स्वर 'डबल हार्मॉनिक' या नावाने बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये सापडतात. तेही नसेल तर आपले स्वर आपण भरायची सोय बघा.

भैरव मी मुद्दाम काढला, कारण सकाळच्या काकड्याला आणि भूपाळ्यांना तो लागतो आणि तिथेच जास्त घोटाळा होतो. भैरवात रे आणि ध कोमल. पांढरी एकच्या सा वरून, एक स्वर सोडून एक घेत बांधले, तर सुबक तीन स्वरी कॉर्ड चारच निघतात: सा मेजर, कोमल रे मेजर, ग मायनर आणि म मायनर. पंचमावर कॉर्ड बांधायला जाल तर प-नि-कोमल रे अशी अवघडलेली जुडी मिळते. पाश्चात्त्य गाण्याचा सगळा जीव मात्र पंचमावरून सा वर येण्यात असतो, त्यामुळे सॉफ्टवेअर हटकून साधा जी मेजर देतं आणि जी मेजरमध्ये बसलेला असतो शुद्ध रे. गायक कोमल रेवर आंदोलन घेतो आहे आणि खाली शुद्ध रे कोकलतो आहे! हे ऐकून एखादे बुवा उठून गेले तर त्यांना जुन्या वळणाचे म्हणू नका. भैरवात सा वर यायचं असेल तर कोमल रे मेजरवरून या. एकदा वाजवून बघा. पंचमावरून येण्यापेक्षा ते जास्त घरचं वाटतं, आणि ते तुमच्या रागातच होतं.

मालकंसात तर कॉर्डवाल्याची आणखी पंचाईत. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि, एवढेच स्वर. पंचमच नाही. म्हणजे सा वर मेजरही बांधता येत नाही आणि मायनरही नाही, कारण दोघांनाही पंचम लागतो. सॉफ्टवेअर सी मायनर देईल आणि तुमच्या मालकंसात दर सम आली की पंचम घुसेल. रागाच्या स्वरांतून निघणारे तीन स्वरी मेजर-मायनर दोनच, म मायनर आणि कोमल ध मेजर. सा बेसमध्ये नुसता धरून ठेवा, वर हे दोन आलटून पालटून लावा, मध्ये सा-म अशी दोनच स्वरांची जोडी घ्या. पुरतं. दोन कॉर्डांवर काय गाणं होणार, असं ज्याला वाटतं त्याने हे एकदा करून ऐकावं.

बेसमध्ये सा धरून ठेवायची युक्ती यमनलाही लागू आहे. खाली सा तसाच ठेवून वर रे मेजर लावा, म्हणजे रे-तीव्र म-ध. तीव्र मध्यम जो काही उजळतो तो सांगून कळणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये हे 'डी स्लॅश सी' असं लिहिलेलं दिसेल. ते सहसा पहिल्या पानावर सुचवत नाही, खाली खणावं लागतं.

आता कुणी म्हणेल, आपल्या गाण्याला कॉर्ड हे परक्याचं लेणं, हवं कशाला? त्यांच्यासाठी आपल्या नागपूरचीच गोष्ट आहे. इथल्या श्रीराम संगीत विद्यालयात शंकरराव सप्रे गाणं शिकवायचे. त्यांच्याकडे वसंतराव देशपांडे शिकले आणि त्याच काळात रामचंद्र चितळकर नावाचा मुलगाही शिकला. तोच पुढे सी. रामचंद्र झाला. म्हणजे जो माणूस 1951 च्या 'अलबेला'त गिटार, ट्रम्पेट, बोंगो घेऊन सगळ्या देशाला नाचवून गेला, त्याचं कानाचं शिक्षण इथे, नागपुरातच झालेलं होतं. त्याच्याबरोबर चिक चॉकलेट नावाने ओळखला जाणारा गोव्याचा ट्रम्पेटवाला होता. मुंबईच्या सिनेमात त्या काळात चालीला कॉर्ड लावायचं, वाद्यांचे कागद लिहायचं काम गोव्याच्या मंडळींनीच उचललं होतं: सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड. गोव्याच्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन लहानपणीच शिकवायचे, म्हणून ते त्यांना येत होतं. माजोर्ड्याच्या गोन्साल्विसांनी तर प्यारेलालला व्हायोलिन शिकवलं आणि 1958 मध्ये 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा करून रागांवरच्या रचना वाजवून दाखवल्या.

ही माणसं करत होती तेच काम आज सॉफ्टवेअर करतं, फरक कामाच्या क्रमात आहे. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवायचा, ॲरेंजर ती ऐकून घ्यायचा, मग कागदाला पेन लागायचं. चाल आधी पक्की. सी. रामचंद्रांकडे सप्र्यांचं शिक्षण होतं, म्हणून समोरच्याने कितीही नवा कॉर्ड आणला तरी आपल्या चालीला तो सोसेल की नाही हे त्यांना कळत होतं. तुमच्याकडे सॉफ्टवेअर आहे, म्हणजे अर्धं काम करणारा माणूस आहे. सप्र्यांकडचं अर्धं तुम्हालाच करायचं आहे. त्यासाठी महिनोन्महिने रियाज करूनच कॉर्डला हात लावा असं म्हणत नाही, पण ज्या रागात चाल आहे त्याचे आरोह-अवरोह तरी गाऊन बघा.

कॉर्ड कुठे बदलायचा, हाही मोठा प्रश्न आहे आणि त्यात सॉफ्टवेअर सगळ्यात कच्चं. कॉर्ड बदलताना ते बऱ्याचदा प्रत्येक स्वराचं वजन सारखंच धरतं. तुम्ही मींड घेत गपासून धपर्यंत गेलात की वाटेतला प्रत्येक स्वर त्याला मुक्कामाचा वाटतो आणि प्रत्येक मुक्कामाला ते नवा कॉर्ड देतं. आपल्या चालीत स्वर चालता चालता लागतो तो वेगळा आणि ज्यावर आपण थांबतो तो वेगळा. कॉर्ड थांबण्याच्या स्वरासाठी. भजनी ठेक्याचं आठ मात्रांचं आवर्तन असेल तर एका आवर्तनाला एक कॉर्ड पुष्कळ झाला, फार तर दोन. बदल समेवर करा. रूपक असेल तर आधी सॉफ्टवेअरला सात मात्रा सांगा, नाहीतर ते चारचार मोजत बसेल आणि दुसऱ्या ओळीपासून कॉर्ड एकीकडे, तबला एकीकडे. दीपचंदीच्या चौदा मात्रांचं तर विचारूच नका, ते सात-सात करूनच भरावं लागतं.

स्टेजवरची एक व्यवहाराची गोष्ट. सॉफ्टवेअर कॉर्ड सी, डी, एफ शार्प असे देतं. तालीम तुम्ही पांढरी एकला केलीत आणि ऐनवेळी गाणाऱ्या ताई म्हणाल्या, "दादा, माझी काळी चार आहे," की कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण शोधायला लागतो आणि गिटारवाला घामाघूम होतो. त्यापेक्षा वहीत कॉर्ड सा धरून लिहा: सा मेजर, ध मायनर, प सस फोर, कोमल रे मेजर. कुठलीही पट्टी आली तरी कागद तोच. अमेरिकेत नॅशव्हिलचे वादक गेली कित्येक वर्षं याच हेतूने कॉर्डांची नावं न लिहिता आकडे लिहितात. आपल्याकडे तर सरगम आयती आहे. शिवाय सा धरून लिहायची सवय लागली की रागाबाहेरचा स्वर कागदावरच दिसतो, वाजवून बघायची वेळ येत नाही.

घरातल्या मोठ्यांनाही थोडं सांगायचं आहे. 'कॉम्प्युटरने गाणं नासवलं' हे वाक्य जरा जपून वापरा. ज्या पेटीवर आपण आयुष्यभर अभंग गायलो, तीही इथली नव्हे. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी 1875 च्या सुमाराला युरोपच्या पायपेटीची हातपेटी केली. पुढे तिचे स्वर ठोकळ आहेत, मींड निघत नाही, श्रुती सांभाळता येत नाही, या तक्रारींवरून 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत चालली. तक्रार खोटी नव्हती. भैरवातला कोमल रे पेटीवर आजही पुरता उतरत नाही. पण भजनी मंडळांनी रेडिओचं ऐकलं नाही, पेटी ठेवली आणि तिला कुठे गप्प बसवायचं हे वाजवणाऱ्यांनी शिकून घेतलं. गायकाची मींड चालू असताना चांगला पेटीवाला हात उचलून घेतो. कॉर्डवाल्या पोरांनाही हीच शिस्त लावायची आहे. ती रागावून लागत नाही, शेजारी बसवून लागते.

पैशाचं थोडक्यात. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊ नका. त्यातून व्हायरस येतो, लॅपटॉप जातो आणि तो बापाच्या दुकानाच्या हिशेबाचा लॅपटॉप असतो. सुरुवातीला काही विकत घ्यायची गरजच नाही. म्यूजस्कोर फुकट आहे, बँडलॅब फोनवर फुकट चालतं, बाकीच्यांची चाचणी आवृत्ती मिळते. एक गाणं पूर्ण करा, मग ठरवा. आणि यूट्यूबवरच्या गाण्याचे कॉर्ड काढून देणारं कॉर्डिफाय वगैरे वापरत असाल, तर त्याचा उपयोग शिकायला करा, जसंच्या तसं उतरवायला नको. जिथे घुंगरू, टाळ, ढोलक एकत्र वाजतात तिथे ते हमखास काहीतरी भलतंच ऐकतं.

आणि काही गाण्यांना कॉर्ड लावूच नका, हेही सांगून टाकतो. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर विदर्भातली गावंच्या गावं जागी केली. त्यांच्या भजनाला खंजिरी आणि समोर बसलेल्या माणसांचा कोरस एवढंच लागतं. त्याखाली सिंथेसायझरच्या तारांचा गालिचा अंथरला की खंजिरीचा चटका निघून जातो. जोगवा, भारूड, खडी गंमतीतली गाणी, यांचंही तेच. सॉफ्टवेअरला 'इथे कॉर्ड नको' असं कधी सुचत नाही, सुचवणं हाच त्याचा धंदा आहे. नको हे आपणच म्हणायचं असतं. मारबतीच्या दिवशी नेहरू पुतळ्याजवळ उभं राहून डीजेवर येणारी भजनं ऐकलीत तर मी काय म्हणतो ते कळेल. सगळ्यांखाली तेच चार कॉर्ड, तोच बेस. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पीडेचा पुतळा, म्हणजे बडग्या, निघतो, एखाद्या वर्षी या चार कॉर्डांचाही काढावा असं माझ्या मनात येतं. खांद्यावर घ्यायला मी येईन.

गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे. यंदा स्टेजवर बाहेरून आणलेले तयार ट्रॅक वाजवण्याआधी आपल्याच वस्तीतल्या पोरापोरींनी बांधलेलं एक तरी गाणं ठेवा. गल्लीतल्या पेटीवाल्या बुवांना आणि कीबोर्डवाल्या मुलाला एका खोलीत बसवा. बुवांनी चाल आणि सा सांगावा, मुलाने सॉफ्टवेअरमधून कॉर्ड काढावेत, बुवांनी ऐकून नको ते गाळावेत. दोघांनाही चहा-पोह्यांबरोबर मानधन द्या, डीजेला देता त्याच्या चौथाईत होईल. तालमीला पंधरा दिवस आधी बसा, कारण आदल्या रात्री बसलात तर पुन्हा सी, जी, ए मायनर, एफच वाजेल.